हाडांची शाकारणी

श्रावणातली सकाळ होती. आत्या मागच्या परड्यात अळूची पानं काढायला निघाली आणि चिऱ्याच्या तिसऱ्या पायरीवर, शेवाळावरून तिचा पाय सटकला. तिने उजवा हात टेकला आणि मनगट मोडलं. तेव्हा ती ६१ वर्षांची होती. तालुक्याच्या गावी प्लास्टर घातलं, सहा आठवड्यांनी काढलं, विषय संपला. शेवाळ होतं, पडली, मोडलं. उभ्याउभ्या पडून हाड मोडलंच कसं, हे ना डॉक्टरांनी विचारलं ना आम्ही घरच्यांनी. त्याची मला आजही चुटपुट लागून राहिली आहे.

सहा वर्षांनी, वैशाखात, वाकून फणस उचलताना तिच्या पाठीत कळ आली आणि महिना झाला तरी हटेना. एक्स-रेमध्ये एक मणका दबलेला दिसला. त्याच्या वरचा आणखी एक कधीतरी आधीच दबून गेला होता, तिला पत्ताही न लागता. मग तिने सांगितलं की परकर लांब व्हायला लागले म्हणून तिने दोनदा टीप मारून घेतली होती. परकर तेवढेच होते, आत्याची उंची कमी झाली होती.

मणक्याची बहुतेक फ्रॅक्चर अशीच मुकाट्याने होतात. ‘वय झालं, पोक आलं’ म्हणून आपण सोडून देतो. उभ्या उंचीवरून पडून हाड मोडणं, उंची घटणं, पाठ वाकणं ही ऑस्टिओपोरोसिसची, म्हणजे हाडं ठिसूळ झाल्याची लक्षणं आहेत. डेक्सा नावाच्या तपासणीत हाडांची घनता मोजतात आणि तरुण निरोगी बाईच्या सरासरीशी ताडून पाहतात. येणाऱ्या आकड्याला टी-स्कोअर म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने १९९४ साली ठरवल्याप्रमाणे तो उणे २.५ किंवा त्याहून खाली असला की ऑस्टिओपोरोसिस. आत्याचा उणे ३.१ होता.

डॉक्टरांनी गोळी लिहून दिली आणि फिजिओथेरपिस्टकडे पाठवलं. घरी वाद सुरू झाला. मुंबईच्या भावाचं म्हणणं, गोळ्यांनी जबडा सडतो, त्यापेक्षा व्यायाम कर. वहिनीचं म्हणणं, या वयात कसला व्यायाम, गोळी घे आणि स्वस्थ बस. आत्याचं तिसरंच: “जल्मभर व्यायामच केलंय मी, आता आनी खयचो?”

तिचं म्हणणं सहज उडवून लावण्यासारखं नाही. विहिरीचं पाणी, लाकडाच्या मोळ्या, भाताची लावणी, घाटी चढून बाजाराला जाणं, हे सगळं तिने केलं आहे. मग हाडं ठिसूळ झालीच कशी?

ज्यांच्या घरावर कौलं आहेत त्यांना हे पटकन समजेल. मिरगाआधी आपण शाकारणी करतो. फुटकी कौलं काढायची, नवी बसवायची, सरकलेली नीट करायची. हाडांत अशी शाकारणी बारमाही चालू असते. ऑस्टिओक्लास्ट नावाच्या पेशी जुनं, बारीक तडे गेलेलं हाड आम्लाने विरघळवून काढतात आणि ऑस्टिओब्लास्ट नावाच्या पेशी त्या जागी नवं भरतात. काढण्याचं काम काही आठवड्यांत उरकतं, भरायला मात्र काही महिने लागतात. मोठ्या माणसाच्या सांगाड्याचा सुमारे १० टक्के भाग दर वर्षी असा बदलला जातो. कौलं काढणाऱ्या गड्यांवर मुकादम असतो इस्ट्रोजेन या संप्रेरकाचा. पाळी गेली की मुकादम गेला. काढणारे सुसाट सुटतात, बसवणाऱ्यांना त्यांचा वेग गाठता येत नाही. पाळी गेल्यानंतरच्या पाच-सात वर्षांत काही जणींच्या हाडांचा २० टक्क्यांपर्यंत भाग असा निघून जातो. जन्मभराचे कष्ट ही मोठी पुंजी खरी, पण ती या वर्षांत झपाट्याने खर्ची पडते.

शिवाय कष्ट आणि हाडांचा व्यायाम यांत एक फरक आहे. हाड भाराप्रमाणे स्वतःला घडवतं, हे जर्मन शल्यचिकित्सक जुलियस वोल्फ यांनी १८९२ सालीच मांडलं होतं. टेनिस खेळणाऱ्यांच्या रॅकेटच्या हाताचं हाड दुसऱ्या हातापेक्षा जाड असतं. अंतराळवीरांच्या खुब्याचं हाड तिथे भारच नसल्यामुळे महिन्याला एक ते दीड टक्क्याने झिजतं. पण हाड भार नेमका मोजतं कसा? १९८४ साली रुबिन आणि लॅनियन या संशोधकांनी कोंबड्यांच्या पंखातल्या हाडावर ठरावीक भार देऊन पाहिला. दिवसाला नुसते ४ झटके दिले तरी झीज थांबली. ३६ दिले तेव्हा हाड वाढलं. १८०० दिले तेव्हाही वाढ ३६ इतकीच.

म्हणजे भार किती वेळा आला याला हाडाच्या लेखी फारशी किंमत नाही. तो किती जोराचा होता आणि किती नवा होता, हे ते बघतं. चाळीस वर्षं तीच कळशी त्याच कमरेवर आली की हाडाला ती सवयीची होते. पुढे दारात पंप येतो, स्वयंपाकघरात गॅस येतो, मुलगा मुंबईहून म्हणतो, “आई, आता आराम कर,” आणि तो सवयीचा भारही सुटतो. चालणं हृदयाला आणि मनाला उत्तम, पण रोज समुद्राच्या कडेने सपाटीवर फिरून हाडाची घनता फारशी वाढत नाही. पोहण्याने तर त्याहून कमी, कारण पाणी आपला भार उचलून धरतं.

मग कशाने वाढते? ऑस्ट्रेलियातल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०१८ साली प्रसिद्ध झाले. पाळी गेलेल्या, हाडं विरळ झालेल्या १०१ बायका, सरासरी वय ६५. त्यांतल्या निम्म्या जणींनी आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, प्रशिक्षकाच्या नजरेखाली खरोखरचं जड वजन उचललं: जमिनीवरून, खांद्यावर घेऊन बैठका मारत, डोक्यावर ढकलत. शिवाय उडी मारून दणकन पाय टेकणं. आठ महिन्यांनी त्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता २.९ टक्के वाढली, घरी हलका व्यायाम करणाऱ्यांची १.२ टक्के घटली. खुब्याच्या मानेशी वाढ जेमतेम होती, पण दुसऱ्या गटात तिथे १.९ टक्के घट झाली. इतकं वजन उचलून दुखापत म्हणाल तर एकीच्या कमरेत उसण भरली, एवढंच.

हे वाचून मला फार आनंद झाला होता. तरी तो आकडा नीट वाचायला हवा. तो घनतेचा आकडा आहे, मोडलेल्या हाडांचा नाही. व्यायामाच्या चाचण्या लहान असतात, त्यात फ्रॅक्चर मोजून ठाम काही सांगता येत नाही.

औषधांच्या चाचण्यांत मात्र मोडलेली हाडंच मोजली आहेत, तीही हजारो बायकांची. आत्याला दिलेली गोळी अ‍ॅलेन्ड्रोनेटची, आठवड्याला एक. १९९६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत, आधीच मणका दबलेल्या बायकांमध्ये या औषधाने नवी मणक्याची फ्रॅक्चर ४७ टक्क्यांनी आणि खुब्याची सुमारे निम्म्याने कमी झाली. वर्षातून एकदा शिरेतून द्यायच्या झोलेड्रोनिक अ‍ॅसिडने मणक्याची ७० टक्के आणि खुब्याची ४१ टक्के कमी झाली. खुबा मोडलेल्यांपैकी साधारण पाचातला एक जण वर्षभरात दगावतो, हे लक्षात घेतलं की या टक्केवारीचं वजन कळतं.

ही औषधं कौलं काढणाऱ्या गड्यांना थोपवतात. भावाची भीती इथूनच येते. काढणारे वर्षानुवर्षं थोपवले तर तडे गेलेली कौलंही तशीच राहतात. त्यामुळे दीर्घ वापरानंतर क्वचित मांडीचं हाड वेगळ्याच तऱ्हेने मोडतं, क्वचित जबड्याचं हाड भरून येत नाही. हे खरं आहे, पण फार विरळ आहे. त्यावर उपायही आहेत: मोठं दातकाम आधी उरकून घ्यायचं, मांडीत किंवा जांघेत दुखू लागलं तर लगेच सांगायचं, आणि गोळीला पाच वर्षं झाली की थांबायचं का याचा डॉक्टरांशी विचार करायचा. दोन मणके दबलेल्या बाईने या भीतीपोटी औषध नाकारू नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

काढणाऱ्या गड्यांना थोपवणारं आणखी एक औषध म्हणजे डेनोसुमॅब. त्याचं इंजेक्शन दर सहा महिन्यांनी असतं. शिमगा आणि गणपती यांत साधारण तेवढंच अंतर पडतं, म्हणून आमच्या ओळखीतल्या एका कुटुंबाने तसंच ठरवून टाकलं. आठवणीला सण ठीक, पण इंजेक्शन तारखेनेच घ्यावं, कारण अधिक मास आला की गणपती पुढे जातात. हे औषध लांबलं किंवा मनाने सोडलं तर थोपवलेले गडी एकदम तुटून पडतात आणि एकापाठोपाठ मणके दबू शकतात. थांबवायचंच असेल तर दुसरं औषध सुरू करून.

कॅल्शियमबद्दल थोडक्यात. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, आणि काट्यासकट चावून खाल्लेली तारली किंवा मांदेली हा आपल्या ताटातला उत्तम साठा आहे. ‘ड’ जीवनसत्त्व तपासून घ्यावं, पावसाचे चार महिने आपल्याकडे ऊन तसंही दिसत नाही. पण नुसत्या कॅल्शियमच्या गोळ्या म्हणजे अंगणात आणून रचलेली नवी कौलं. ती बसवणारा लागतोच.

आत्याच्या बाबतीत मला कळलं ते असं. हाड अजून मोडलेलं नाही आणि टी-स्कोअर थोडाच खाली आहे, अशा पन्नाशीच्या बाईने जड व्यायाम शिकून घ्यावा, गोळीची घाई नको. एकदा पडून हाड मोडलं किंवा मणका दबला की औषध आधी, व्यायाम त्याच्या जोडीने. जोडीने का, तर गोळीने माणूस पडायचा थांबत नाही. खुबा बहुतेक वेळा पडूनच मोडतो, आणि तोल व पायांची ताकद वाढवणाऱ्या व्यायामाने पडण्याचं प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी घटतं, हे अनेक चाचण्यांतून दिसलं आहे.

मणका दबलेल्यांनी व्यायाम निवडून घ्यायला हवा. १९८४ साली अमेरिकेतल्या एका छोट्या अभ्यासात पुढे वाकण्याचे व्यायाम करणाऱ्या ८९ टक्के बायकांच्या मणक्यांत नवी पडझड दिसली, पाठ मागे ताणणाऱ्यांत फक्त १६ टक्के. पश्चिमोत्तानासन, आडवं पडून पोट आवळून उठणं, कमरेत वाकून केर काढणं हे सगळं आत्याला बंद झालं. केरसुणीला लांब दांडा बांधला. विळी ओट्यावर चढली. पायऱ्यांचं शेवाळ आता मे महिन्यातच ब्लीचिंग पावडर टाकून खरवडतो आणि कडेने लोखंडी पाइपचा कठडा बसवला आहे.

गोळी सोमवारी. उठल्याबरोबर, उपाशीपोटी, पेलाभर साध्या पाण्याबरोबर. पुढचा अर्धा तास चहा नाही आणि आडवं व्हायचं नाही, नाहीतर गोळी अन्ननलिकेला भाजते. तो अर्धा तास आत्याला सुरुवातीला फार जड जायचा, चहाशिवाय तिची सकाळ कधी झाली नव्हती. आता ती गोळी घेते, माजघराच्या खिडकीचे गज धरते आणि टाचा उचलून दणकन खाली सोडते, वीस वेळा. मग एका पायावर उभी राहते, आधी दोन्ही हातांनी धरून, मग एका हाताने. मग खुर्चीतून हात न टेकता दहा वेळा उठते. शेवटी भिंतीला पाठ लावून खांदे मागे ओढते. इतर दिवशीही करते, पण सोमवारी एकदाही चुकत नाही. गेल्या सोमवारी तिने गज सोडून अकरा आकडे मोजले आणि मग चुलीवर चहाचं आधण ठेवलं.