ब्रेमे, आंद्रेआस

ब्रेमे, आंद्रेआस : (९ नोव्हेंबर १९६० – २० फेब्रुवारी २०२४). जर्मन फुटबॉलपटू, डाव्या बगलेचा बचावपटू. जन्म हँबर्गचा. १९९० च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यातला एकमेव गोल त्याचा, एवढे बहुतेकांना आठवते. डाव्या बाजूला खेळणाऱ्या या माणसाने तो उजव्या पायाने मारला होता, हे मात्र पटकन लक्षात येत नाही.

वडील स्वतः प्रशिक्षक. त्यांनी लहानपणापासून त्याचे दोन्ही पाय सारखे घोटून घेतले. त्याच्या डाव्या पायात जोर अधिक होता, उजव्याचा नेम पक्का. १९८६ च्या विश्वचषकात मेक्सिकोविरुद्धच्या पेनल्टी शूटआउटमध्ये त्याने डावा पाय वापरला होता. चार वर्षांनी, ८ जुलै १९९० रोजी रोममध्ये, ८५ व्या मिनिटाला पंचांनी पश्चिम जर्मनीला पेनल्टी दिली. आघाडीचा खेळाडू रूडी फ्योलर खरोखर पाडला गेला होता का, यावर अजून वाद घातला जातो. नेहमी पेनल्टी घेणाऱ्या लोथार माटेउसने मध्यंतरात बूट बदलले होते आणि नव्या बुटांत त्याला भरवसा वाटेना. म्हणून ब्रेमे पुढे आला. समोर गोयकोचेआ, त्याच स्पर्धेत दोन शूटआउट जिंकून देणारा अर्जेंटिनाचा गोलरक्षक. तो झेपावला तोही बरोबर दिशेने. पण चेंडू जमिनीलगत, थेट खांबाला बिलगून आत गेला. त्या आधी उपांत्य सामन्यात इंग्लंडविरुद्धचा गोलही ब्रेमेच्याच फ्री किकवर झाला होता. त्या वर्षीच्या ‘बॅलन डी’ऑर’ या वर्षातल्या सर्वोत्तम फुटबॉलपटूच्या पुरस्काराच्या मतदानात तो तिसरा आला, बचावपटूसाठी ही मोठीच गोष्ट. राष्ट्रीय संघाकडून तो ८६ सामने खेळला, गोल ८.

व्यावसायिक क्लब कारकीर्द झारब्रुकेनपासून सुरू झाली. पुढे कायझरस्लाउटर्न, बायर्न म्युनिक (१९८७ चे लीग विजेतेपद) आणि १९८८ पासून मिलानचा इंटर. तिथे पहिल्याच हंगामात इटालियन लीग आणि १९९१ मध्ये युएफा चषक. झारागोझात एक हंगाम काढून १९९३ मध्ये तो कायझरस्लाउटर्नला परतला.

त्याची खरी कहाणी या परतीत आहे. मे १९९६ मध्ये हंगामाच्या शेवटच्या दिवशी लेव्हरकुसेनशी १–१ अशी बरोबरी झाली आणि कायझरस्लाउटर्न खालच्या श्रेणीत घसरला. लेव्हरकुसेनकडून त्या दिवशी फ्योलर आपला निरोपाचा सामना खेळत होता. रोमच्या पेनल्टीचे हे दोन साथीदार टीव्हीच्या कॅमेऱ्यासमोर उभे, आणि पस्तिशीचा ब्रेमे मित्राच्या खांद्यावर डोके ठेवून हुंदके देत होता. आठवड्याभरात याच संघाने जर्मन चषक जिंकला! ब्रेमे क्लब सोडून गेला नाही. १९९७ मध्ये संघ वर आला आणि १९९८ मध्ये प्रशिक्षक ऑटो रेहागेलच्या हाताखाली थेट बुंडेसलीगा, म्हणजे जर्मनीची सर्वोच्च लीग, जिंकला. नुकत्याच वर आलेल्या संघाने असे विजेतेपद मिळवल्याचे बुंडेसलीगातले हे एकमेव उदाहरण. त्यानंतर ब्रेमे निवृत्त झाला.

२००० ते २००२ या काळात तो याच क्लबचा प्रशिक्षक होता, पण त्या कामात त्याचा जम बसला नाही. म्युनिकमध्ये हृदयक्रिया बंद पडून त्याचे निधन झाले. १९९० च्या संघाचे प्रशिक्षक फ्रान्झ बेकनबाउअर त्याच्या सुमारे दीड महिनाच आधी गेले होते.