फौजदारी बचाव आणि कंपन्यांचे नियमपालन : एकाच वकिलाकडे ही दोन कामे कशी आली?

गुन्ह्याला हेतू लागतो आणि हेतू माणसालाच असतो, ही फौजदारी कायद्याची जुनी बैठक; त्यामुळे कंपनीसाठी फौजदारी वकील लावण्याची वेळ फारशी येत नसे. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९०९ साली ही बैठक मोडली. साखर कारखानदाराला मालवाहतुकीच्या दरात बेकायदा सूट दिल्याबद्दल न्यूयॉर्क सेंट्रल रेल्वेवर खटला झाला, तेव्हा कंपनीला दंड करणे म्हणजे निरपराध भागधारकांना शिक्षा देणे होय, हा तिचा युक्तिवाद फेटाळून नोकराने कामाच्या ओघात केलेला गुन्हा न्यायालयाने कंपनीच्या माथी मारला.

तरीही नियमपालन, म्हणजे कंपनीत कायदा पाळला जाईल अशी व्यवस्था लावणे, हे वकिलाचे काम होण्यास बराच काळ गेला. १९६१ साली विद्युत यंत्रसामग्रीच्या किमती संगनमताने ठरवल्याबद्दल सात अधिकारी प्रत्येकी तीस दिवसांसाठी तुरुंगात गेले. प्रतिस्पर्ध्यांशी किमतीबद्दल बोलू नये, असा लेखी आदेश त्यांतल्याच एका कंपनीने, जनरल इलेक्ट्रिकने, आधीच काढून ठेवला होता, हे येथे विशेष. अध्यक्ष निक्सन यांना पायउतार व्हावे लागलेल्या वॉटरगेट प्रकरणानंतरच्या चौकशीत चारशेहून अधिक कंपन्यांनी संशयास्पद रकमा दिल्याचे कबूल केले आणि १९७७ साली परदेशी लाचखोरीविरोधी कायदा आला. अशाच रकमांच्या अंतर्गत चौकशीतून अपजॉन या औषध कंपनीचा खटला उभा राहिला. कर्मचाऱ्यांनी कंपनीच्या वकिलाला दिलेल्या माहितीचे गोपनीयतेचे संरक्षण कंपनीचे आहे, असे १९८१ साली ठरल्यापासून जबाब घेण्यापूर्वी वकील समोरच्याला बजावतो : मी कंपनीचा वकील आहे, तुमचा नाही.

खरा सांधा जुळला तो १९९१ साली. संस्थांना शिक्षा ठोठावण्याच्या नव्या अमेरिकी नियमावलीत दोषाचे गुण मोजण्याची पद्धत आली आणि गुन्हा घडण्यापूर्वीच परिणामकारक नियमपालन व्यवस्था असेल, तर त्यातील तीन गुण कमी होऊन दंडही घटू लागला. कपाटात पडून राहणारी आचारसंहिता अशा रीतीने बचावाचा पुरावा बनली. मग तो पुरावा कोर्टात टिकेल का, हे ज्याला कळते त्यानेच तो आधी रचावा, हे ओघानेच आले. ब्रिटनच्या २०१० च्या लाचखोरी कायद्याने आणि भारतात भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यातील २०१८ च्या दुरुस्तीने तर पुरेशी प्रतिबंधक व्यवस्था असणे हा कंपनीचा थेट बचावच मानला.

मात्र कंपनीचे हित आणि तिच्या नोकराचे हित नेहमी एका बाजूला नसते. केपीएमजी या लेखापरीक्षण संस्थेच्या प्रकरणात सरकारी वकिलांच्या दबावाखाली संस्थेने आरोपी कर्मचाऱ्यांच्या वकिलांचे शुल्क रोखले. त्यामुळे त्यांचा वकिलाचा घटनात्मक हक्क डावलला गेला, असे ठरवून न्यायालयाने तेरा जणांवरील आरोप रद्द केले. ऑगस्ट २००८ मध्ये अपील न्यायालयाने तो निकाल कायम केला, त्याच दिवशी अमेरिकी न्याय विभागाने सुधारित धोरण जाहीर केले : कंपनी सहकार्य करते की नाही हे ठरवताना, ती नोकरांच्या वकिलांचे शुल्क भरते का, हे पाहायचे नाही.