मोठ्या निगेटिव्हचा मोह

३५ मिलिमीटर फिल्मचा ३६ फोटोंचा एक रोल, १२० चा (सुमारे सहा सेंटीमीटर रुंद फिल्मचा) एक रोल, चार बाय पाच इंचांच्या चार शीट्स (सुट्या फिल्म) आणि आठ बाय दहा इंचांची एक शीट, या सगळ्यांचा पृष्ठभाग जवळपास सारखाच भरतो: सुमारे ८० चौरस इंच. डार्करूममध्ये डेव्हलपर किती लागेल याचा हिशेबही याच मापावर बसवलेला असतो. म्हणजे तेवढ्याच फिल्ममध्ये एका फोटोग्राफरला ३६ संधी मिळतात, दुसऱ्याला १२, तिसऱ्याला चार आणि चौथ्याला एकच. मोठ्या फॉरमॅटची, म्हणजे मोठ्या आकाराच्या निगेटिव्हची, ओढ लागलेल्याने कॅमेऱ्याच्या किमतीआधी हा हिशेब समजून घ्यावा, असे मला वाटते. कॅमेरा एकदाच घ्यायचा असतो. बाकीचे मोल दर फोटोला मोजावे लागते, आणि ते फक्त पैशांत नसते.

सुरुवातीला यात मोहाचा प्रश्नच नव्हता. एकोणिसाव्या शतकात बराच काळ निगेटिव्ह जेवढी, तेवढाच फोटो. छपाईचा कागद इतका मंद असे की तो निगेटिव्हला चिकटवून उन्हात ठेवावा लागे. सूर्यप्रकाशावर चालणारे एन्लार्जर, म्हणजे निगेटिव्हवरून मोठा फोटो छापणारी यंत्रे, १८५० च्या दशकाअखेर आले, पण ती चालवणे जिकिरीचे होते. भिंतीवर शोभेल असा फोटो हवा असेल, तर तेवढीच मोठी काच डोंगरावर चढवण्यावाचून गत्यंतर नसे.

१८६१ मध्ये फोटोग्राफर कार्लटन वॉटकिन्स कॅलिफोर्नियातल्या योसेमिटीच्या दरीत गेले ते साधारण १८ बाय २२ इंचांच्या काचा खेचरांवर लादून. फ्रेडरिक स्कॉट आर्चर यांनी १८५१ मध्ये जाहीर केलेल्या ओल्या कलोडियनच्या पद्धतीत काचेवर लेप देणे, फोटो घेणे आणि तो डेव्हलप करणे हे सगळे लेप ओला आहे तोवरच उरकावे लागे. त्यामुळे काचांबरोबर रसायने, पाणी आणि काळोखी तंबूही वाहून न्यावा लागे. १८६० च्याच दशकात सॅम्युअल बोर्न हिमालयात हिंडले, तेव्हा हे सामान उचलायला त्यांच्यासोबत हमालांचा तांडा असे. पण त्या कष्टांतून जे हाती आले ते दुसऱ्या कशातून आले नसते. वॉटकिन्स यांचे फोटो अमेरिकेच्या पूर्वेकडच्या शहरांत पोहोचले, आणि १८६४ मध्ये योसेमिटी राखून ठेवण्याचा कायदा झाला त्यात या फोटोंचाही वाटा मानला जातो.

मोहाची पहिली ठळक खूण मला १९०० मध्ये दिसते. शिकागो अँड आल्टन रेल्वेला आपल्या नव्या आगगाडीचा फोटो जोड न देता, एकाच निगेटिव्हवर हवा होता. जॉर्ज लॉरेन्स यांनी त्यासाठी साडेचार बाय आठ फुटांच्या काचेचा कॅमेरा बनवला. काचेसह त्याचे वजन १,४०० पौंडांच्या घरात जाई आणि तो हाताळायला पंधरा माणसे लागत. तोवर ब्रोमाइड कागद येऊन मोठा काळ लोटला होता, दिव्याच्या उजेडात एन्लार्जमेंट करणे शक्य झाले होते. आकाराची सक्ती ओसरत असतानाच आकाराची हौस शिगेला पोहोचली होती.

पुढच्याच वर्षी कोडॅकने ब्राउनी या साध्या, घरगुती पेटीकॅमेऱ्यासाठी १२० चा रोल काढला. आज मीडियम फॉरमॅट (३५ मिलिमीटर आणि शीट यांच्या मधला आकार) म्हणून ज्याच्याकडे आदराने पाहिले जाते, तो सगळा याच रोलवर चालतो. त्याचा जन्म चैनीसाठी झाला नव्हता, निगेटिव्हएवढाच छोटा फोटो छापून अल्बमला लावता यावा म्हणून झाला होता.

उलट दिशेचे पाऊल ऑस्कर बार्नाक यांनी टाकले. त्यांना दम्याचा त्रास होता, काचेच्या प्लेटा वापरणारा जड कॅमेरा घेऊन डोंगर चढणे झेपत नसे. १९१३-१४ च्या सुमारास त्यांनी सिनेमाची ३५ मिलिमीटरची फिल्म आडवी धावेल असा छोटा कॅमेरा बनवला आणि सिनेमाच्या १८ बाय २४ मिलिमीटरच्या चौकटीला दुप्पट करून २४ बाय ३६ केले. निगेटिव्ह लहान, फोटो मोठा, ही त्यांची कल्पना. १९२५ मध्ये हा कॅमेरा लायका या नावाने बाजारात आला. त्या काळच्या फिल्ममधले चांदीचे कण एवढे जाड होते, मोठा केलेला फोटो एवढा दाणेदार दिसे, की वर्तमानपत्रांच्या फोटोग्राफरांनी पुढची कितीतरी वर्षे चार बाय पाचचा स्पीड ग्राफिक हातचा सोडला नाही. १९३२ मध्ये ऑन्री कार्तिए-ब्रेसाँ यांनी लायका हाती घेतला, आणि त्याच वर्षी कॅलिफोर्नियात ॲन्सेल ॲडम्स, एडवर्ड वेस्टन आणि त्यांच्या मित्रांनी ग्रुप एफ/६४ स्थापन केला. मोठ्या कॅमेऱ्याच्या अगदी लहान ॲपर्चरचा, म्हणजे लेन्समधल्या छिद्राचा, आकडाच या गटाने नाव म्हणून घेतला; हा आकडा वाढतो तसे छिद्र लहान होते. यापुढे मोठा फॉरमॅट वापरणे ही निवड झाली.

या निवडीची खरी किंमत ॲपर्चरच्या त्या आकड्यातच आहे. ३५ मिलिमीटरवर साधी लेन्स ५० मिलिमीटरची. तेवढेच दृश्य पकडायला १२० च्या सहा बाय सहा सेंटीमीटरच्या चौकटीवर ८०, चार बाय पाचवर १५० आणि आठ बाय दहावर ३०० मिलिमीटरची लेन्स लागते. लेन्स जेवढी लांब, तेवढा फोकसचा पट्टा अरुंद. ३५ मिलिमीटरवर एफ/८ ला जेवढे दृश्य जवळपासून लांबपर्यंत स्पष्ट येते, तेवढेच मोठ्या शीटवर हवे असेल तर चार बाय पाचला एफ/२२ आणि एफ/३२ च्या मध्ये कुठेतरी, तर आठ बाय दहाला जवळजवळ एफ/६४ पर्यंत जावे लागते. उजेड तेवढाच, फिल्मचा वेग तेवढाच. मग छोट्या कॅमेऱ्यातला १/१२५ सेकंद चार बाय पाचवर साधारण १/१० होतो आणि आठ बाय दहावर अर्ध्या सेकंदाला टेकतो. तेवढ्यात पान हलते, माणूस श्वास घेतो. ट्रायपॉडवाचून चालत नाही, आणि एवढा कॅमेरा पेलणारा ट्रायपॉड हलका नसतो.

जवळचा विषय असेल तर आणखी भर पडते. आठ बाय दहाच्या शीटवर माणसाचा चेहरा जवळपास खऱ्या आकारात येऊ शकतो. त्यासाठी कॅमेऱ्याचा भाता (लेन्स आणि फिल्म यांना जोडणारी घड्यांची पेटी) लेन्सच्या फोकल लांबीच्या दुप्पट ताणावा लागतो, आणि मग चौपट एक्स्पोजर द्यावे लागते, म्हणजे फिल्मवर चौपट वेळ उजेड पडू द्यावा लागतो. एक्स्पोजर सेकंदापलीकडे गेले की फिल्म स्वतःच मंदावते. कार्ल श्वार्झशिल्ड या खगोलशास्त्रज्ञाने या मंदावण्याचा अभ्यास एकोणिसाव्या शतकाअखेर ताऱ्यांचे फोटो घेताना केला. कोडॅकच्या ट्राय-एक्स फिल्मच्या तक्त्यात लाइटमीटरने मोजलेल्या १० सेकंदांसाठी प्रत्यक्षात ५० सेकंद द्यायला सांगितले आहे. वेस्टन यांची शिंपल्यांची काही एक्स्पोजर तासांत मोजावी लागली, आणि रस्त्यावरून ट्रक गेला की मेहनत वाया जाई.

याहून कमी बोलली जाणारी एक गोष्ट आहे. ॲपर्चर बारीक करत गेले की प्रकाश त्याच्या कडांवर वाकतो आणि तपशील मऊ पडतो. फोकसचा पट्टा सारखा ठेवून सर्व फॉरमॅटांतून सारख्याच आकाराचा फोटो छापला, तर हा मऊपणाही सगळीकडे सारखाच उतरतो. म्हणजे मोठी निगेटिव्ह कण लपवते, टोन सलग देते, पण खोल दृश्यात धारदारपणाचा मोठा फायदा हातातून निसटतो.

ॲडम्स यांचा न्यू मेक्सिकोतला हर्नांडेझ गावावरच्या चंद्रोदयाचा फोटो १९४१ चा. आठ बाय दहाचा कॅमेरा, एफ/३२, एक सेकंद. लाइटमीटर सापडेना, म्हणून चंद्राची ठाऊक असलेली प्रखरता आधाराला घेऊन त्यांनी एक्स्पोजर ठरवले. खबरदारी म्हणून दुसरी निगेटिव्ह घ्यायला दोन्ही बाजूंना शीट असलेला होल्डर उलटवला, तेवढ्यात गावाच्या कबरस्तानातल्या क्रुसांवरचे ऊन गेले. आपल्यापुढे आहे ती ती एकच निगेटिव्ह. मोठ्या फॉरमॅटचे सामर्थ्य आणि त्यातला धोका मला या एका फोटोत एकत्र दिसतो. शीट एकेकटी डेव्हलप करता येते, त्यामुळे त्या एका दृश्याच्या कॉन्ट्रास्टप्रमाणे वेळ कमी-जास्त करता येतो, ही सोय रोलमध्ये नाही. पण दुसरी संधी बहुधा मिळत नाही.

ज्याच्या हाताशी माणसे आणि पैसा आहे, तो ही किंमत वाटून घेऊ शकतो. रिचर्ड ॲव्हेडन यांनी १९७९ ते १९८४ या काळात पश्चिम अमेरिकेतल्या कामकरी माणसांची पोर्ट्रेट्स आठ बाय दहावर घेतली. फोकस आणि होल्डर साहाय्यक सांभाळत, ते स्वतः कॅमेऱ्याशेजारी उभे राहून समोरच्या माणसाकडे पाहत. सुमारे १७ हजार शीट्स लागल्या.

शीट कॅमेऱ्याचे एक कारण मात्र मला निर्विवाद वाटते, आणि त्याचा निगेटिव्हच्या आकाराशी थेट संबंध नाही. पुढची-मागची चौकट वर-खाली सरकवता येते, कलवता येते. इमारतीच्या उभ्या रेषा उभ्याच राहतात. तेओडोर शाइम्पफ्लुग यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या नियमाप्रमाणे लेन्स कलवली की जमिनीवरच्या गवतापासून दूरच्या डोंगरापर्यंत फोकस ॲपर्चर फारसे न आवळता मिळतो. वास्तूंचे फोटो घेणाऱ्यांनी हा कॅमेरा धरून ठेवला तो यासाठी.

मीडियम फॉरमॅटने मधला मार्ग काढला. १९२९ चा रोलायफ्लेक्स, १९४८ चा हॅसलब्लाड आणि त्याची बदलती फिल्म मॅगझिन्स, १९७० चा मामिया आरबी६७. १६ बाय २० इंचांचा फोटो काढायचा तर ३५ मिलिमीटरची निगेटिव्ह सुमारे १७ पट मोठी करावी लागते, १२० वरची सहा बाय सात सेंटीमीटरची सातपट, चार बाय पाचची चौपट, आठ बाय दहाची दुप्पट. १७ वरून ७ वर येणे कोणालाही दिसते. चारवरून दोनवर येणे हातात फोटो धरून पाहणाऱ्याला क्वचितच दिसते, आणि खर्च तर त्याच टप्प्यावर सर्वांत मोठी उडी घेतो. माझे मत विचाराल तर मोह आवरायची जागा तीच. ३५ वरून १२० वर जाण्यात मिळकत मोठी आणि किंमत आवाक्यातली असते. वजन मात्र तिथेही चुकत नाही: अपोलो ११ च्या यात्रिकांनी परतीचे ओझे कमी करण्यासाठी हॅसलब्लाड चंद्रावरच ठेवला आणि फिल्मची मॅगझिन्स तेवढी आणली.

लहान होत जाण्यालाही हद्द होती. १९८२ च्या डिस्क फिल्मची निगेटिव्ह जेमतेम ८ बाय १०.५ मिलिमीटरची होती, फोटो दाणेदार आले आणि लोकांनी पाठ फिरवली. दुसरीकडे १९८६ च्या टी-मॅक्ससारख्या फिल्मचे कण चपटे आणि बारीक झाले, आणि जे काम आधी १२० वर करावे लागे त्यातले बरेच ३५ वर भागू लागले.

२००० नंतर स्टुडिओ डिजिटल झाले, त्यांनी मीडियम फॉरमॅट काढून टाकले आणि व्यावसायिकांचे कॅमेरे हौशी लोकांच्या हाती पडले. ओढ पुन्हा वाढली, पण भोवतालची साखळी तुटत होती. शीट वाया जाऊ नये म्हणून आधी एक पोलरॉइड काढून उजेड तपासण्याची जुनी रीत होती. २००८ मध्ये पोलरॉइडने इन्स्टंट फिल्म बंद करत असल्याचे जाहीर केले. एन्लार्जर, लेन्स, स्कॅनर, फिल्म डेव्हलप करण्याची टाकी हे सगळे फॉरमॅटप्रमाणे बदलावे लागते, आणि आठ बाय दहाचा एन्लार्जर तर शोधूनही मिळणे कठीण. त्याहून मोठ्या आकाराची फिल्म हवी असणाऱ्यांसाठी इलफर्ड ही फिल्म कंपनी वर्षातून एकदा मागण्या गोळा करते आणि तेवढ्याच शीट्स कापून देते. मुदत चुकली की पुढच्या वर्षाची वाट पाहावी लागते.