डबस्टेप : क्रॉयडनचा बेस

डबस्टेप हे खर्जातल्या बेसवर उभं असलेलं नाचाचं इलेक्ट्रॉनिक संगीत, आणि त्याची गोष्ट सुरू होते दक्षिण लंडनमधल्या क्रॉयडनला. तिथे सरे स्ट्रीटवर भाजीबाजार भरतो. त्याच रस्त्यावर २००४ पर्यंत बिग ॲपल रेकॉर्ड्स नावाचं दुकान होतं. हॅचा नावाचा डीजे तिथे रेकॉर्ड विकायचा. स्क्रीम आणि बेंगा ही कोवळ्या वयाची पोरं तिथेच पडीक असायची आणि घरी कॉम्प्युटरवर फ्रूटीलूप्स या संगीत बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅक जुळवायची.

तेव्हा लंडनमध्ये चलती होती यूके गराज या नाचाच्या संगीताची. नटूनथटून क्लबात जायचं, गोड गळ्याच्या गाण्यांवर नाचायचं. एल-बी, हॉर्सपॉवर प्रॉडक्शन्स अशा संगीत बनवणाऱ्या मंडळींनी त्यातलं गाणंच जवळपास काढून टाकलं. उरले ड्रम आणि बेस. त्यातूनच डबस्टेप घडलं. ही युक्ती मुळात जमैकाची. १९७० च्या दशकात किंग्स्टनमध्ये किंग टबी तयार गाण्यांतून गायकाचा आवाज गाळून उरलेल्यावर प्रतिध्वनी चढवायचा; यालाच ‘डब’ म्हणतात. जमैकातून आलेल्या कुटुंबांनी साउंड सिस्टिमची, म्हणजे भल्यामोठ्या स्पीकरांवर रेकॉर्ड वाजवायची, ही परंपरा लंडनमध्ये रुजवली होतीच.

डबस्टेपचा वेग मिनिटाला साधारण १४० ठोके. पण बऱ्याच ट्रॅकमध्ये स्नेअर हा कडक आवाजाचा ड्रम चारांतल्या फक्त तिसऱ्या ठोक्यावर पडतो, म्हणून चाल निम्म्या वेगाची वाटते. मधली मोकळी जागा सब-बेस, म्हणजे अगदी तळाचा खर्ज, भरतो, ५० हर्ट्झच्या आसपासचा. मोबाइलच्या स्पीकरला तो झेपतच नाही. छातीत बसेल तेव्हाच कळतो. त्यामुळे हे संगीत कुठे वाजतं यालाच सगळं महत्त्व. २००१ मध्ये लंडनच्या सोहो भागात ‘फॉरवर्ड’ या क्लब-रात्री सुरू झाल्या आणि पुढे प्लास्टिक पीपल या क्लबच्या काळोख्या तळघरात गेल्या. २००५ मध्ये माला, कोकी आणि लोफा या डीजेंनी दक्षिण लंडनच्याच ब्रिक्स्टनला, चक्क एका चर्चच्या इमारतीत, ‘डीएमझेड’ ही क्लब-रात्र सुरू केली. नवा ट्रॅक आधी डबप्लेटवर, म्हणजे एकाच प्रतीच्या खास रेकॉर्डवर, कापून घ्यायचा आणि इथे वाजवून बघायचा. डबप्लेट झिजते लवकर, पण बाजारात न आलेला ट्रॅक फक्त आपल्याच रेकॉर्डच्या पेटीत असण्याची ऐट काही औरच!

जानेवारी २००६ मध्ये निवेदिका मेरी ॲन हॉब्स यांनी बीबीसी रेडिओ १ वरच्या आपल्या कार्यक्रमात या सगळ्यांना एकत्र आणलं आणि गल्लीतलं संगीत जगभर गेलं. अमेरिकेत पोचेपर्यंत त्याचा नूर पालटला. बेस खालून उचलून मधल्या पट्टीत आला, करकरायला लागला, लॅपटॉपवरही ऐकू यायला लागला. २०१२ मध्ये स्क्रिलेक्स या अमेरिकन संगीतकाराला याच आवाजासाठी तीन ग्रॅमी मिळाले. जुनी मंडळी त्याला ‘ब्रोस्टेप’ म्हणून नाकं मुरडतात. मला विचाराल तर त्यांचं फारसं चुकत नाही.