पार्श्वभूमी : अ‍ॅस्ट्रोजचा २०१२चा मोसम आणि सात कोटी डॉलरची सूट

गेल्या दहा वर्षांत ह्यूस्टनला येऊन राहिलेल्या मराठी कुटुंबांना अ‍ॅस्ट्रोज माहीत आहेत ते ऑक्टोबरातल्या प्लेऑफमध्ये (मोसमानंतरच्या बाद फेरीत) बहुतेक वेळा मैदानात दिसणारा बेसबॉल संघ म्हणून. त्याआधी हाच संघ ओळीने तीन मोसम शंभराहून जास्त सामने हरला होता. २०११ मध्ये ५६ विजय, १०६ पराभव. २०१२ मध्ये ५५-१०७. २०१३ मध्ये ५१-१११. यातला मधला मोसम नव्या मालकांचा पहिला. त्याच्याविषयी बोलताना दोन निराळ्या गोष्टींची हमखास सरमिसळ होते : मालकांनी संघ मोडीत काढला ही एक, आणि संघाची लीग, म्हणजे बेसबॉलच्या नॅशनल आणि अमेरिकन या दोन विभागांतला त्याचा विभाग, बदलली ही दुसरी. पहिलीवर भरपूर बोललं गेलं आहे. दुसरी जास्त जिव्हारी लागलेली, आणि तिचा हिशेब मात्र कमी मांडला जातो.

संघ १९६२चा. मूळ नाव कोल्ट .४५, १९६५ मध्ये छपराखालचं स्टेडियम आणि नवं नाव. स्थापनेपासून नॅशनल लीग. २००५ मध्ये पहिल्यांदा वर्ल्ड सिरीज, म्हणजे दोन लीगच्या विजेत्यांमधली अंतिम मालिका, गाठली आणि शिकागो व्हाइट सॉक्सपुढे चारही सामने गेले. पुढची पाच-सहा वर्षं जुन्या मालकांनी त्याच पिढीवर भिस्त ठेवली. खालच्या लीगमधून वर येणारं कुणी जवळपास उरलं नव्हतं. २०१०च्या जुलैत संघाचा मुख्य पिचर (चेंडू टाकणारा) आणि सर्वांत लाडका फलंदाज विकले गेले, २०११च्या जुलैत आउटफील्डमधले (मैदानाच्या मागच्या भागातले) दोघे. म्हणजे मोडतोड सुरू झाली ती संघ विकायला काढलेल्या जुन्या मालकांच्या हातून. हे विसरून २०१२चं सगळं खापर नव्यांच्या माथी मारणं रास्त नाही.

आता लीगचा प्रश्न. १९९८ पासून नॅशनल लीगमध्ये १६ आणि अमेरिकनमध्ये १४ संघ होते. ह्यूस्टनच्या गटात सहा संघ, तर अमेरिकन लीगच्या पश्चिम गटात चारच. चारांतून पहिलं येणं आणि सहांतून पहिलं येणं यात फरक आहे, तेव्हा १५-१५ अशी वाटणी करावी हे म्हणणं चुकीचं नव्हतंच. प्रश्न होता तो कुणी हलायचं याचा. १९९८ मध्ये अमेरिकन लीगमधून नॅशनलमध्ये आलेला संघ मिलवॉकीचा होता. साहजिकच ह्यूस्टनकर म्हणत होते, आले तेच परत जाऊ देत. बेसबॉलचे त्या वेळचे आयुक्त पूर्वी मिलवॉकीचेच मालक होते, त्यामुळे संशयाला धार चढली. दुसरी बाजूही सांगायला हवी : मिलवॉकी पश्चिम गटात बसत नाही, त्यांना अमेरिकन लीगच्या मधल्या गटात पाठवायचं तर त्या गटातला आणखी एक संघ पश्चिमेला सरकवावा लागला असता. ह्यूस्टनला नेलं की एका हालचालीत काम होत होतं, आणि टेक्सासमधले दोन संघ एका गटात येत होते.

पण निर्णय गुणदोषांवर झाला नाही. संघ विक्रीला होता, खरेदीदाराला बाकीच्या मालकांची मंजुरी हवी होती, आणि दोन्ही लीग चालवणाऱ्या मुख्यालयाने नेमकी तीच वेळ साधली. मे २०११ मध्ये व्यवहार ६८ कोटी डॉलरला जाहीर झाला होता. मंजुरी नोव्हेंबरपर्यंत लांबली. मिळाली तेव्हा लीग बदलण्याची अट सोबत होती आणि किंमत ६१ कोटींवर आली होती. सात कोटींची ही सूट मिळाली नव्या मालकांना. ज्यांनी पन्नास वर्षं तिकिटं काढली, त्यांना कुणी विचारलंही नाही. चालू व्यवसायातला मालक अशा अटीला नाही म्हणू शकतो. दारात उभा असलेला खरेदीदार म्हणू शकत नाही. म्हणून या अटीला मी तरी वाटाघाट म्हणणार नाही.

गमावलं काय? पिचरने स्वतः बॅट हातात घेण्याचा खेळ, अमेरिकन लीगमध्ये त्याच्याऐवजी वेगळा फलंदाज असे. २००४ आणि २००५ मध्ये ज्यांच्याशी पेनंटसाठी, म्हणजे लीगच्या विजेतेपदासाठी, झुंज झाली, त्या सेंट लुईसशी दर मोसमातले पंधराच्या आसपास सामने. बदल्यात सिअ‍ॅटल, ओकलंड आणि अ‍ॅनाहाइम, म्हणजे ह्यूस्टनच्या घड्याळात रात्री नऊनंतर सुरू होणारे सामने. दुसऱ्या दिवशी शाळा असलेल्या मुलांसाठी संघ तिथंच संपला.

२०१२चा मोसम असा निरोपाचा होता. सुरुवात बरी झाली. मे महिन्यात बराच काळ संघ पन्नास टक्के विजयांच्या आसपास होता, आणि पन्नासाव्या वर्षानिमित्त जुना कोल्टचा गणवेश, छातीवरच्या, आधी नाकारलेल्या पिस्तुलाच्या चित्रासकट, घालायला मिळाला. सेंट लुईसहून आणलेल्या जनरल मॅनेजरने (खेळाडूंची देवघेव ठरवणाऱ्याने) मात्र ठरवून टाकलं होतं. जुलैमध्ये फर्स्ट बेसमन, सामना सुरू करणारे दोन पिचर, क्लोजर (सामना संपवणारा पिचर), थर्ड बेसमन, एकामागून एक गेले. त्या महिन्यात २७ पैकी ३ सामने जिंकले. ऑगस्टमध्ये मॅनेजर, म्हणजे मैदानावरचा प्रशिक्षक, गेला.

त्याच उन्हाळ्यात पुढचं बीजही पडलं. आधीच्या मोसमातल्या तळाच्या स्थानामुळे ड्राफ्टमध्ये, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याच्या वार्षिक फेरीत, पहिली निवड मिळाली. पोर्तो रिकोचा १७ वर्षांचा शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) ४८ लाख डॉलरला तयार झाला. त्या जागेसाठी ७२ लाख राखीव होते. वाचलेल्या रकमेतून फ्लोरिडाचा एक शाळकरी पिचर घेतला. पाच वर्षांनी दोघेही विजेत्या संघात होते.

शेवटचा नॅशनल लीग सामना शिकागोत, कब्जविरुद्ध, तोही हरलो. समोरचा संघही त्या मोसमात शंभरावर हरलेला.

२०१३ मध्ये खेळाडूंच्या एकूण पगाराचा आकडा अडीच कोटी डॉलरच्या आसपास उतरला. न्यूयॉर्कच्या एकट्या खेळाडूला त्याहून जास्त मिळत होते. नवं टीव्ही चॅनेल शहरातल्या निम्म्याहून अधिक घरांत दिसत नव्हतं, ते दिवाळखोरीत गेलं आणि वर्षअखेरीस नव्या मालकांनी जुन्या मालकांना कोर्टात खेचलं. २०१५ मध्ये प्लेऑफ आणि २०१७ मध्ये विजेतेपद. दोन्ही लीगचं पेनंट जिंकणारा हा पहिलाच संघ. त्याच मोसमातली खुणाचोरी (समोरच्या संघाच्या खुणा कॅमेऱ्याने टिपून आपल्या फलंदाजाला कळवणं) उघड झाल्यावर २०२० मध्ये तो जनरल मॅनेजरही गेला. हरण्यातून पहिली निवड मिळवण्याची वाट मालक आणि खेळाडू संघटनेतल्या २०२२च्या कराराने अरुंद केली, पहिल्या सहा निवडी आता सोडतीने ठरतात.

२०२२ पासून नॅशनल लीगमध्येही पिचर बॅट धरत नाही. २०२३ पासून प्रत्येक संघ दर मोसमात उरलेल्या २९ संघांशी खेळतो, त्यामुळे सेंट लुईसशी पुन्हा दर वर्षी गाठ पडते, तीन सामन्यांपुरती. पश्चिम किनाऱ्यावरचे सामने अजून पावणेनऊ-नऊलाच सुरू होतात.