गुडघा टेकला, तो सैनिकाच्या सांगण्यावरून

अमेरिकन फुटबॉलपटू कॉलिन केपर्निकने सामन्याआधीच्या राष्ट्रगीताच्या वेळी गुडघा टेकून सैन्याचा अपमान केला, असं अमेरिकेत आजही अनेकजण मनापासून मानतात. पण गुडघा टेकायचं त्याला सुचवलं ते एका माजी सैनिकानेच. गदारोळात ही गोष्ट मागे पडली, आणि तिच्या मागचा इतिहासही.

मुळात दोन शहरांच्या संघांमधल्या साध्या सामन्याला राष्ट्रगीत कशाला? महाराष्ट्रात 2003पासून सिनेमाआधी 'जन गण मन' लागतं, त्यामुळे आपल्याला यात नवल वाटत नाही. अमेरिकेत ही प्रथा आणली युद्धाने. 5 सप्टेंबर 1918, शिकागो. पहिलं महायुद्ध चालू होतं. आदल्याच दिवशी शहरात बॉम्ब फुटून चार जण गेले होते. बेसबॉलच्या वर्ल्ड सिरीजचा, म्हणजे अजिंक्यपदाच्या अंतिम मालिकेचा पहिला सामना, तरी जेमतेम 19 हजार लोक आलेले, तेही गप्प गप्प. सातव्या इनिंगच्या विश्रांतीत बँडने 'द स्टार-स्पँगल्ड बॅनर' सुरू केलं. बोस्टनचा फ्रेड थॉमस नौदलातून रजेवर खेळायला आला होता. सूर कानावर पडताच तो झेंड्याकडे वळला आणि सलाम ठोकून ताठ उभा राहिला. मग लोकही गाऊ लागले, आणि शेवटी टाळ्यांचा कडकडाट झाला. तेव्हा ते अधिकृत राष्ट्रगीतही नव्हतं. तो मान त्याला 1931 साली मिळाला. दुसऱ्या महायुद्धात ते रोजच्या सामन्यांत रुळलं आणि युद्ध संपल्यावरही राहिलं.

त्याच महायुद्धात कृष्णवर्णीय जॅकी रॉबिन्सन लष्करात लेफ्टनंट होता. 1944 साली बसमध्ये मागे जाऊन बसायला नकार दिला म्हणून त्याच्यावर कोर्ट मार्शल झालं. तो निर्दोष सुटला, आणि 1947 साली मोठ्या लीगच्या बेसबॉलमधली वर्णबंदी मोडणारा खेळाडू ठरला. हाच रॉबिन्सन 1972 साली आत्मचरित्रात लिहितो, की मी उभं राहून राष्ट्रगीत गाऊ शकत नाही, झेंड्याला सलाम करू शकत नाही. देशाचा गणवेश घातलेल्या माणसाचे हे शब्द आहेत, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

1968च्या मेक्सिको ऑलिंपिकमध्ये अमेरिकेचे कृष्णवर्णीय धावपटू टॉमी स्मिथ आणि जॉन कार्लोस यांनी राष्ट्रगीत चालू असताना काळे हातमोजे घातलेल्या मुठी उंचावल्या, आणि त्यांची घरी रवानगी झाली. 1996 साली बास्केटबॉलपटू महमूद अब्दुल-रौफ राष्ट्रगीताला उभा राहिला नाही म्हणून एनबीए या बास्केटबॉल लीगने त्याला निलंबित केलं. उभं राहायचं, पण मनात प्रार्थना करायची, अशी तडजोड होऊन तो परतला.

मधल्या काळात मैदानावरचा लष्करी थाट वाढत गेला. त्यातला काही पैसे मोजून आणलेला होता. सिनेटर जॉन मॅकेन आणि जेफ फ्लेक यांच्या 2015च्या अहवालाने दाखवलं, की संरक्षण खात्याने अशा देशभक्तीच्या कार्यक्रमांसाठी खेळाच्या संघांना 68 लाख डॉलर दिले होते. मॅकेन स्वतः व्हिएतनाममध्ये युद्धकैदी होते. सैनिकांचा सन्मान विकत घ्यावा लागावा, याचं मला खरंच वाईट वाटतं.

ऑगस्ट 2016मध्ये केपर्निक राष्ट्रगीताच्या वेळी बाकावर बसून राहिला. कृष्णवर्णीयांवरचा अन्याय आणि पोलिसांच्या गोळीबारात जाणारे जीव, हे कारण त्याने उघड सांगितलं. ग्रीन बेरे या लष्कराच्या विशेष दलातला माजी सैनिक नेट बॉयर आधी चिडला. पण त्याने केपर्निकला खुलं पत्र लिहिलं आणि तुझं म्हणणं ऐकायची तयारी आहे असं कळवलं. दोघे सॅन डिएगोत भेटले. बसून राहण्यापेक्षा गुडघा टेक, सैनिक आपल्या गेलेल्या साथीदाराच्या कबरीपुढे तसाच टेकतात, असं बॉयरने सुचवलं. 1 सप्टेंबरचा तो सामना लष्कराला मानवंदना म्हणून ठेवलेला होता. राष्ट्रगीत सुरू झाल्यावर केपर्निक आणि त्याचा संघसाथी एरिक रीड गुडघ्यावर, आणि शेजारी छातीवर हात ठेवून बॉयर उभा.

सप्टेंबर 2017मध्ये अध्यक्ष ट्रम्प यांनी अशा खेळाडूंना शिवी हासडून हाकला म्हटलं. त्या रविवारी दोनशेहून अधिक खेळाडू बसले किंवा गुडघ्यावर गेले. पिट्सबर्गचा संघ आतच थांबला. फक्त अलेहांद्रो व्हिलानुएवा, अफगाणिस्तानात लढलेला लष्कराचा माजी रेंजर, मैदानात येण्याच्या बोगद्याच्या तोंडाशी एकटा उभा दिसला. लोकांनी त्याला डोक्यावर घेतलं. त्याने मात्र दुसऱ्या दिवशी साथीदारांची माफी मागितली आणि सांगितलं, की गुडघा टेकणारे सैन्याविरुद्ध काहीच म्हणत नाहीत.

केपर्निकचा शेवटचा सामना 1 जानेवारी 2017 रोजी झाला होता. त्यानंतर एकाही संघाने त्याला खेळवलं नाही.