विमान-किटच्या अटकळी

जुळवायच्या प्लास्टिक विमान-प्रतिकृतींना हौशी मंडळी ‘किट’ म्हणतात. पुढच्या वर्षी कोणती कंपनी कोणते विमान काढणार याविषयी ही मंडळी बांधतात ते अंदाज, त्यांवरचे वाद आणि त्यातून निघणाऱ्या याद्या म्हणजे या अटकळी. किट अजून आलेले नसते, कित्येकदा ते येणारही नसते. त्याची किंमत, रंगसंगती आणि नाकाचा बाक यांवरून भांडण मात्र होऊन गेलेले असते. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, हा खेळ ब्रिटन, जपान, चेकिया, अमेरिका असा सगळीकडे चालतो. तरी मुरलेल्या हौशीचे अंदाज बऱ्याचदा खरे ठरतात, कारण तो विमानापेक्षा साच्याकडे जास्त लक्ष देतो.

वितळलेले पॉलिस्टायरीन पोलादी साच्यात दाबाने भरून किटचे भाग काढतात. ते एका चौकटीला चिकटलेले बाहेर पडतात; ही चौकट म्हणजे ‘स्प्रू’. प्लास्टिक स्वस्त, साचा महाग. मोजमापे, आराखडा, साचा कोरणे आणि चाचणीचे नमुने यांत दीड-दोन वर्षे सहज जातात, आणि हा खर्च एका खोक्यातून निघत नाही. म्हणून साचा असा बेततात की थोडेसे भाग बदलून त्याच विमानाच्या तीन-चार आवृत्त्या विकता याव्यात. अटकळीचे बहुतेक शास्त्र कंपनीच्या या काटकसरीवर उभे आहे.

जपानच्या तामिया कंपनीने २०१६ मध्ये १/४८ प्रमाणात, म्हणजे खऱ्याच्या अठ्ठेचाळिसाव्या हिश्शाच्या आकारात, अमेरिकी लढाऊ विमान एफ-१४ए टॉमकॅट काढले. खोके उघडल्यावर दिसत होते की वैमानिकांच्या कक्षासह विमानाचा पुढचा भाग मागच्या धडापासून वेगळा ओतलेला आहे. एकच आवृत्ती काढायची असती तर हा सांधा देण्याची फारशी गरज नव्हती. उलट तो जुळवून घासून लपवण्याचे काम गिऱ्हाइकाच्या गळ्यात पडते. ‘डी’ आवृत्तीत हनुवटीखालची संवेदकांची जोडी, वैमानिकांच्या खुर्च्या आणि इंजिनांची मागची तोंडे वेगळी. हे ठाऊक असलेल्यांनी तेव्हाच बोट ठेवले, आणि २०१८ मध्ये तामियाचे एफ-१४डी आले.

शितावरून भाताची परीक्षा करण्याच्या अशा आणखीही जागा आहेत. पंखाचा खालचा अर्धा भाग उलटा करून उजेडात धरला की आतल्या बाजूला अर्धवट खोल भोके दिसतात. ती कोणत्या आवृत्तीच्या बॉम्बसाठी टोचायची ते जुळवणीच्या पत्रकात लिहिलेले असते, आणि ज्यांचा पत्रकात उल्लेखच नाही ती पुढच्या खोक्यासाठी. पारदर्शक स्प्रूवर काचछत्र्या, म्हणजे वैमानिकाच्या डोक्यावरची झाकणे, दोन आणि वापरायची एकच. भागांच्या नकाशात करड्या रंगाने झाकलेले, ‘वापरू नये’ असे भाग. स्प्रूंची अक्षरे ए, बी, डी अशी गेली तर मधला सी कुठे गेला यावर पानेच्या पाने चर्चा होते. माझ्या मते हाच या छंदातला सगळ्यात चविष्ट भाग आहे; किट जुळवण्याआधी ते वाचणारे लोक मी दुसऱ्या कुठल्या छंदात पाहिलेले नाहीत.

दुसऱ्या प्रकारचा अंदाज मालिकेवरून बांधतात. १९३९ मध्ये लंडनला निकोलस कोव्ह या हंगेरियन स्थलांतरिताने स्थापन केलेल्या एअरफिक्सने १९५३ मध्ये १/७२ प्रमाणातले स्पिटफायर हे ब्रिटिश लढाऊ विमान काढले. किंमत दोन शिलिंग, पंखांचा पसारा साधारण साडेपंधरा सेंटिमीटर. २००६ पासून हे नाव हॉर्नबी या रेल्वे-प्रतिकृतींच्या कंपनीकडे आहे. ब्रिटनच्या तीन ‘व्ही’ बॉम्बफेकी विमानांपैकी व्हॅलियंट एअरफिक्सने २०११ मध्ये आणले आणि व्हिक्टर २०१६ मध्ये. आता तिसरे व्हल्कन कधी, हा प्रश्न मग आपसूकच आला. शंका घेणाऱ्यांचा मुद्दाही वाजवी होता: व्हल्कनचा १९८३ चा साचा घरात असताना कंपनी नवा कशाला कोरेल? नवे व्हल्कन २०२१ मध्ये आले. पाच-पाच वर्षांचे हे अंतर योगायोगही असेल, पण ते दाखवून मिरवणारे अजून मिरवतात.

जयंत्या-पुण्यतिथ्यांचाही उपयोग होतो. रूर खोऱ्यातल्या धरणांवरच्या मे १९४३ च्या हल्ल्याला २०१३ मध्ये सत्तर वर्षे झाली आणि त्याच वर्षी एअरफिक्सने त्या मोहिमेचे लँकेस्टर हे बॉम्बफेकी विमान बाजारात आणले. तेव्हापासून पंचांग पाहून अंदाज सांगणाऱ्यांचा एक पंथच झाला आहे. तो चुकतोही भरपूर, कारण गोल वर्षे रोजच कशाची ना कशाची भरत असतात.

अटकळींचा हंगाम ठरलेला आहे. एअरफिक्सची वार्षिक यादी कित्येक वर्षे जानेवारीच्या आरंभी जाहीर होत आली, म्हणून ब्रिटिश हौशींचा नाताळ त्याच गप्पांत जातो. पाठोपाठ जर्मनीत न्यूरेंबर्गचा खेळणी-मेळा, मे महिन्यात जपानमधल्या शिझुओकाचा हॉबी शो आणि नोव्हेंबरात इंग्लंडमध्ये टेलफर्डचे प्रदर्शन. शिझुओका म्हणजे तामियाचे गावच, आणि हासेगावा ही दुसरी जपानी कंपनीही त्याच प्रांतातली. मेळ्याआधी दुकानदारांकडे मागणीपत्रके जातात. त्यांत नव्या मालाचे नाव कोरे ठेवून नुसता क्रमांक आणि किंमत देण्याची पद्धत आहे, पण किंमतच निम्मे बोलून जाते: वीस पौंडांच्या खोक्यात चार इंजिनांचे विमान बसत नाही. कंपन्याही काही कमी नाहीत. पंखाचे टोक किंवा चाकाचा तुकडा तेवढा दिसेल असे चित्र सोडून द्यायचे आणि गंमत पाहायची, हा त्यांचा आवडता उद्योग.

अंदाज आणि इच्छा यांची सरमिसळ हा या सगळ्यातला मोठा दोष. ‘यंदा नक्की येणार’ म्हणून छातीठोकपणे सांगितलेले विमान बहुधा सांगणाऱ्याला लहानपणापासून हवे असते. शिवाय यादीतल्या पुष्कळ ओळी जुन्या साच्यावर नवे डिकल, म्हणजे चिकटवायची चिन्हे, आणि नवे खोके एवढ्याच असतात. त्या वाचून दरवर्षी तेच उसासे निघतात.

जाहीर झालेले किट येतेच असेही नाही. चित्रपट-दिग्दर्शक पीटर जॅक्सन यांच्या न्यूझीलंडमधल्या विंगनट विंग्ज कंपनीने २००९ पासून पहिल्या महायुद्धातली विमाने १/३२ प्रमाणात काढून मोठे नाव मिळवले. मग तिने त्याच प्रमाणात लँकेस्टर जाहीर केले. पुरे जुळवल्यावर त्याचे पंख सत्त्याण्णव सेंटिमीटर, म्हणजे एका दारातून आडवे नेता येणार नाहीत इतके. ते ठेवायचे कुठे यावर लोकांनी घरच्यांशी बोलणी सुरू केली होती. २०२० मध्ये कंपनीच बंद पडली. साचे कुठे गेले, कुणी घेतले, हा त्या वर्षीच्या अटकळींचा मुख्य विषय. अखेर पहिल्या महायुद्धातले तीन-पंखी फोकर ट्रायप्लेन चीनच्या मेंगकडून आले आणि लँकेस्टर बॉर्डर मॉडेलच्या खोक्यातून.

किट आले तरी वाद मिटतो असे नाही. चेकियातल्या एडुआर्डने २०१४ मध्ये काढलेले १/४८ चे मेसरश्मिट बीएफ १०९जी-६ मोजणाऱ्यांनी मोजले, तर ते प्रमाणापेक्षा मोठे निघाले. कंपनीने चूक मान्य करून २०१६ मध्ये नव्या साच्याचे किट दिले. तेव्हापासून पट्टी हे अटकळीचे हत्यार झाले. कंपनीने कॅड चित्र, म्हणजे संगणकावरचा आराखडा, दाखवले रे दाखवले की त्यावर रेघा ओढणे सुरू.

भारताचा संबंध थोडा तिरका आहे. मधली काही वर्षे एअरफिक्सची बरीच किट भारतात ओतली जात होती आणि खोक्यावर तसे छापलेलेही असे. नाशिकजवळच्या ओझरला एचएएल, म्हणजे हिंदुस्तान एरोनॉटिक्स, या सरकारी कंपनीने मिग-२१ बांधली; १/४८ मधली त्यांची प्रतिकृती हवी तर एडुआर्डकडे पाहायचे. इथल्या हौशींच्या इच्छायादीत मात्र मारुत फार वर्षे ठाण मांडून आहे. एचएएलचे हे लढाऊ विमान एचएफ-२४ जर्मन अभियंता कुर्ट टँक यांनी रचले आणि ते जून १९६१ मध्ये प्रथम उडाले. टँक यांच्याच दुसऱ्या महायुद्धातल्या जर्मन एफडब्ल्यू-१९० च्या किटांची मोजदाद ठेवणे अवघड आहे. मारुतला तामिया, हासेगावा, रेव्हेल, एअरफिक्स यांपैकी कुणी हात लावलेला नाही. साच्याचा हिशेब मांडला तर कारण दिसते: सारी मिळून १४७ विमाने, आवृत्त्या जेमतेम आणि चिन्हे एकाच वायुदलाची.